जळल्यासारख्या मिशा: एका अ‍ॅनिमल हाऊसमधलं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमधलं, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथलं आहे. तिथली पशुवैद्यक म्हणून मी त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत होते. कॉलेजचं, माणसांचं आणि तपासलेल्या तेलाचं नाव मुद्दाम देत नाही. लहान वसाहतीतला एखादा आनुवंशिक बदल चालू प्रयोगाचा निकाल कसा फिरवू शकतो आणि तो सगळ्यांत आधी कोणाला दिसतो, हे नोंदवून ठेवावं म्हणून लिहिते आहे.

पार्श्वभूमी

अ‍ॅनिमल हाऊस लहान, पण नोंदणीकृत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली जी केंद्रीय समिती आहे, तिच्या नियमांनुसार संस्थेची एथिक्स कमिटी होती, फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरल्याशिवाय एकही प्रयोग सुरू होत नसे. विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांच्या आठ जोड्या पैदाशीला होत्या. पैदाशीचा नवा नर बाहेरून आणून कित्येक वर्षं झाली होती. एका जोडीची पिल्लं मोठी झाली की त्यातलेच नर-मादी शेजारच्या पिंजऱ्यात लावायचे, असं चाललं होतं. विस्टार ही मुळात मोकळ्या पैदाशीची वसाहत, तिच्यात भावंडांचं मीलन टाळायचं असतं. आठ जोड्यांत ते कागदावर टळतं, प्रत्यक्षात नात्यातच फिरत राहतं.

त्या वर्षी एम. फार्म.ची एक विद्यार्थिनी केशवर्धक तेलावर काम करत होती. आपल्याकडे माका, जास्वंद, ब्राह्मी असल्या वनस्पतींवर असे प्रबंध दरवर्षी होतात, आणि पद्धतही ठरून गेली आहे. उंदराच्या पाठीवरचा एक चौकोन साफ करायचा, रोज तेल लावायचं आणि ठरलेल्या दिवशी त्या चौकोनातले २५ केस उपटून लांबी मोजायची. तिच्याकडे २४ नर होते, सहा-सहाचे चार गट: नुसतं खोबरेल, २ टक्के मिनॉक्सिडिल (केस वाढवण्याचं प्रचलित औषध), तपासायचं तेल कमी मात्रेत आणि तेच जास्त मात्रेत.

इथे एक गोष्ट घडली, जी त्या वेळी कोणालाच चूक वाटली नाही. एका पिंजऱ्यात तीन उंदीर, असे आठ पिंजरे. पहिले दोन पिंजरे म्हणजे पहिला गट, पुढचे दोन दुसरा, असं तिनं रांगेनं वाटलं. एका पिंजऱ्यातले तिघे बहुतेक वेळा सख्खे भाऊ असतात. म्हणजे गट पडले ते घराण्यांनुसार.

अडचण कशी लक्षात आली

एकविसाव्या दिवसाची मोजणी झाली तेव्हा विद्यार्थिनी खूश होती. जास्त मात्रेच्या तेलाचा गट खोबरेलच्या गटापेक्षा ठळक पुढे होता, मिनॉक्सिडिलच्या जवळपास पोचला होता. मार्गदर्शक सरांनी शोधनिबंधाचं शीर्षकही सुचवलं.

त्याच आठवड्यात मी फेरीला गेले असताना मामांनी मला थांबवलं. मामा म्हणजे पिंजरे धुणारे, तूस बदलणारे, दाणा-पाणी बघणारे आमचे कर्मचारी. वीसएक वर्षं ते हेच काम करत आहेत.

"डॉक्टर, दुसऱ्या पिंजऱ्यातल्या दोघांच्या मिशा बघा. जळल्यासारख्या आहेत. मी ताईंना मागेच बोललो होतो, त्या म्हणाल्या जाळीला घासल्या असतील. पण आत्ताच्या वेतातही तीन पिल्लं अशीच आलीत."

त्यांनी तीन दिवसांचं एक पिल्लू तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. त्या वयात अंगावर लव नसते, कातडी गुलाबी आणि इतकी पातळ की पोटातलं दूध पांढऱ्या डागासारखं दिसतं. मिशा मात्र जन्मतःच असतात. भावंडांच्या मिशा नाकापासून मागे सरळ गेल्या होत्या. या पिल्लाच्या मिशा अर्ध्यावर वळून टोकाशी आखडल्या होत्या, मेणबत्तीची आच लागलेला केस आखडतो तशा. जाळीला घासायला ते पिल्लू अजून घरट्याबाहेरही आलं नव्हतं.

जाळीची शंका तिथेच संपली. मग मी प्रयोगातले ते दोन नर बाहेर काढले. पाठीची चौकट सोडून पोटाकडचा आणि मानेचा केस पाहिला, तर तो राठ आणि लहरी होता. इतके दिवस तो कसा दिसला नाही? पाठ साफ केलेली, बाकी अंग रोजच्या खोबरेलानं चिकटलेलं. तेल लावलेला उंदीर तसाही विस्कटलेलाच दिसतो. आणि हे दोघे होते खोबरेलच्या, म्हणजे तुलनेच्या गटात.

मोजणी कशी झाली ते विद्यार्थिनीला विचारलं. उपटलेला केस काचपट्टीवर ठेवायचा, पट्टी लावायची, आकडा लिहायचा. लहरी केस ताणून धरला नाही तर आखूड मोजला जाणार, हे उघड आहे. शिवाय असा केस मध्येच तुटतो. सहांतल्या दोघांनी अख्ख्या गटाची सरासरी खाली ओढली होती. तेल चांगलं दिसत होतं, त्यात या दोघांच्या आखूड आकड्यांचा वाटा मोठा होता.

कारणांची छाननी

मिशा आखूड किंवा विचित्र दिसल्या की लगेच जनुकांकडे धावायचं नसतं. साधी कारणं आधी बघायची.

पहिली शंका सोबत्याची. एका पिंजऱ्यातले उंदीर कधी कधी एकमेकांचे केस आणि मिशा कुरतडतात. पण तिथे मिशा कातडीलगत कापलेल्या असतात, वळलेल्या नसतात, आणि पिंजऱ्यात एकाच्या मिशा शाबूत असतात. तो कुरतडणारा. इथे मिशांची मुळं आणि टोकं दोन्ही जागेवर होती. दुसरी शंका केसातल्या गोचिडीसारख्या बारीक किड्यांची. पारदर्शक चिकटपट्टी अंगावर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, काही नव्हतं. तिसरी नायट्याची. कातडी खरवडून बुरशीची चाचणी लावली, ती कोरी आली. दाणा सगळ्यांना एकाच पोत्यातला, त्यामुळे आहारातली कमतरता असती तर ती मोजक्या पिल्लांतच दिसली नसती.

उपटलेला केस मात्र बोलका होता. सरळ केसाची जाडी एकसारखी कमी होत जाते. याची जाडी मध्येच बदलत होती आणि केस स्वतःभोवती पिळलेला होता.

आता आनुवंशिक बदल गृहीत धरून विचार करायचा होता. उंदरांत केसांचे असे बदल शंभरेक वर्षं नोंदले जात आहेत. काही प्रबळ आहेत. 'रेक्स' उंदरात एका पालकाकडून बदल आला तरी केस आणि मिशा कुरळ्या होतात, दोन्हीकडून आला तर पिल्लू मोठं होताना केस गळतात. तो दोष केराटिन ७१ च्या जनुकात आहे. हे प्रथिन वाढत्या केसाभोवतीच्या आतल्या आवरणात असतं, केसाला आकार देणारा साचाच तो. कुत्र्यांच्या कुरळ्या जाती आणि डेव्हन रेक्स, स्फिंक्स ही मांजरं यांच्यातही हेच जनुक सापडलं आहे. काही बदल अप्रबळ आहेत, म्हणजे दोन्ही पालकांकडून आले तरच दिसतात. 'फझी' आणि 'न्यूड' हे त्यातले.

आमच्या नोंदवहीत कुरळ्या पिल्लांचे चारही पालक सरळ केसांचे होते. प्रबळ बदल असता तर पालकांपैकी एक तरी कुरळा दिसायला हवा होता. म्हणजे संशय अप्रबळाचा. आणि चारही पालकांची वंशावळ मागे नेली तर ती एकाच जुन्या नराशी, चौथ्या नंबरच्या, येऊन मिळत होती.

न्यूड उंदराची धास्ती मला खरी वाटली. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनच्या रोवेट संशोधन संस्थेत असे विरळ केसांचे उंदीर १९५३ मध्ये प्रथम दिसले. त्यांना थायमस ग्रंथीच नसते आणि म्हणून प्रतिकारशक्ती अपुरी असते, हे प्रसिद्ध झालं १९७८ मध्ये. मधली पंचवीस वर्षं तो केसांचाच विषय होता. फॉक्सएन१ हे एकच जनुक केस आणि थायमस दोन्ही घडवतं. तेव्हा आमच्याही उंदरात केसाच्या आड दुसरं काही बिघडलंय का, हे पाहणं भाग होतं. प्रयोग संपल्यावर मंजुरीप्रमाणे उंदीर मारायचेच होते. त्या दोघांचं शवविच्छेदन मी केलं. हृदयाच्या वर थायमसच्या दोन्ही पांढुरक्या पाळ्या जागेवर होत्या. मूत्रपिंडं, यकृत डोळ्यांना नीट दिसलं. तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला.

पर्याय

दोन प्रश्न होते, आणि त्यांची गल्लत होऊ नये म्हणून मी ते कमिटीपुढे वेगवेगळे मांडले: प्रबंधाचं काय करायचं आणि वसाहतीचं काय करायचं.

प्रबंधासाठी सरांचा पहिला विचार होता, दोन उंदीर वगळून हिशोब पुन्हा करू. मी विरोध केला. निकाल नको तसा दिसल्यावर कोणाला वगळायचं हे ठरवणं म्हणजे निकाल हातानं बसवणं. शिवाय बाकीच्या गटांतही त्याच घराण्यांचे उंदीर होते, त्यांच्यात हाच बदल लपलेला असू शकत होता, आणि सरळ केसांच्या वाहकाचा, म्हणजे हा बदल एकाच पालकाकडून आलेल्या उंदराचा, केस अगदी सामान्यच असतो असं छातीठोक सांगायला आमच्याकडे आधार नव्हता. दुसरा विचार, प्रत्येक उंदराची डावी बाजू तेलाला, उजवी खोबरेलाला. ऐकायला सुरेख. पण उंदीर स्वतःला चाटतो, पाय अंगावरून फिरवतो, तेल एका जागी राहत नाही. तिसरा, सगळा प्रयोग नव्यानं.

नव्यानं म्हणजे आणखी प्राणी. समितीवरच्या बाहेरच्या सदस्यांनी इथे आम्हाला बराच वेळ अडवून धरलं, आणि ते योग्यच होतं. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तत्त्वं, शक्य तिथे पर्याय वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ही कमिटीच्या प्रत्येक बैठकीत निघतात. बाहेरच्या सदस्यांचा प्रश्न सरळ होता: तुमच्या वाटणीच्या चुकीची किंमत आणखी २४ जिवांनी का द्यायची? माझं उत्तर होतं, चुकीचा निकाल छापला तर त्याच्यावर विसंबून पुढे कोणीतरी दुसरीकडे उंदीर वापरणार. शेवटी कमी मात्रेचा गट काढून १८ वर तडजोड झाली.

वसाहतीसाठी सरांनी सुचवलं, कुरळी पिल्लं दिसतील तशी काढून टाकू. हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत निरुपयोगी मार्ग. अप्रबळ बदलात दोन वाहकांच्या पिल्लांपैकी सरासरी एक चतुर्थांश कुरळी होतात. जी सरळ दिसतात, त्यांच्यातली तीनातली दोन वाहक असतात. दिसणारी काढली तरी न दिसणारी पैदाशीत राहतात.

दुसरा मार्ग चाचणी मीलनाचा. पैदाशीच्या प्रत्येक उंदराला कुरळ्या जोडीदाराशी लावायचं. तो वाहक असेल तर निम्मी पिल्लं कुरळी होतील. सात पिल्लं झाली आणि सातही सरळ निघाली, तर तो वाहक असण्याची आणि योगायोगानं निसटल्याची शक्यता १२८ मध्ये एक. हिशोब नेटका आहे. गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा, आणि मिशा जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत वाचता येतात, त्यामुळे महिन्याच्या आत उत्तर मिळतं. पण सोळा उंदीर तपासायचे तर दीडेकशे पिल्लं जन्माला घालून मारावी लागली असती, केवळ उत्तरासाठी. मला ते पटेना.

तिसरा मार्ग, ही पैदास बंद करून नोंदणीकृत पुरवठादाराकडून नवी वसाहत आणायची. चौथा माझ्या मनातला होता: कुरळ्यांची वेगळी ओळ, म्हणजे फक्त कुरळ्यांचा वंश, जपायची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९९६ मध्ये विस्टार वसाहतीत काही उंदीर आपोआप लठ्ठ होताना कोणाच्या तरी नजरेला पडले, त्यांना जपलं म्हणून स्थूलत्वाच्या अभ्यासासाठी एक भारतीय ओळ तयार झाली. केसांच्या बाबतीतही असं घडलं आहे. 'लॅन्सिओलेट हेअर' या उंदरात डेस्मोग्लेइन ४ चं जनुक बिघडलेलं असतं. याच जनुकाचा दोष पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत जन्मजात विरळ केसांना कारणीभूत असल्याचं २००३ मध्ये कळलं. आणि मिशा उंदराच्या बाबतीत शोभेच्या नसतात. सेकंदाला सातआठ वेळा त्या पुढे-मागे हलवून तो अंधारात जग चाचपतो. प्रत्येक मोठ्या मिशीसाठी मेंदूच्या पृष्ठभागावर पेशींचा वेगळा पुंजका असतो. वळलेल्या मिशांनी हा स्पर्श कसा होतो, हे विचारण्याजोगं होतं.

काय केलं

कमिटीची परवानगी घेऊन फक्त दोन मीलनं लावली. पहिलं, दोन वेगळ्या जोड्यांच्या कुरळ्या नर-मादीचं. नऊ पिल्लं झाली, नऊही कुरळी. म्हणजे दोन्ही घराण्यांत बदल एकाच जनुकातला आणि अप्रबळ. दुसरं, एका कुरळ्या नराचं कुरळ्या पिल्लांच्या एका सरळ आईशी. दहांपैकी सहा कुरळी, चार सरळ. अपेक्षा निम्म्यांची होती, तिला धरूनच.

तिसऱ्या दिवशीची नोंद मामांनी केली. मी आणि विद्यार्थिनीनं एकमेकींना न सांगता पुन्हा तपासलं. तिघांचे आकडे जुळले.

जुनी पैदास थांबवली. जे सरळ केसांचे उंदीर शिल्लक होते ते निष्कारण मारले नाहीत. केस, कातडी आणि स्पर्श यांचा संबंध नसलेल्या, आधीच मंजूर असलेल्या प्रयोगांना ते दिले, आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या कार्डावर 'जुनी वसाहत' असं लिहिलं. नव्या जोड्या आल्यावर त्या वेगळ्या खोलीत ठेवून मगच आत घेतल्या.

प्रबंधाचा प्रयोग नव्या उंदरांवर झाला. या वेळी एका वेताचा एक-एक नर प्रत्येक गटात गेला, चिठ्ठ्या टाकून. केस काचपट्टीवर दोन्ही टोकांना चिकटपट्टीनं ताणून मोजले. मोजणारी दुसरी विद्यार्थिनी होती, कोणता केस कोणत्या गटातला हे तिला ठाऊक नव्हतं.

निष्पत्ती

मिनॉक्सिडिलचा गट पुढे राहिला. तेलाचा गट खोबरेलापेक्षा किंचित पुढे होता, पण उंदरा-उंदरांतला फरक त्याहून मोठा. पहिल्या वेळचा तो ठळक निकाल पुन्हा दिसला नाही. विद्यार्थिनीचं सत्र लांबलं, घरच्यांना समजावताना तिची ओढाताण झाली. प्रबंधात तिनं दोन्ही प्रयोग लिहिले, पहिला का बाद केला यासाठी एक पूर्ण प्रकरण दिलं. तोंडी परीक्षेत सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर आले, आणि उत्तरं तिला तोंडपाठ नव्हती, तिला ती कळलेली होती.

कुरळी ओळ मात्र टिकली नाही. मी दोन मोठ्या संस्थांना पत्रं लिहिली, जागा आणि निधी दोन्हीकडे नव्हता. आमच्या कॉलेजकडे भ्रूण गोठवण्याची सोय नाही. शेवटच्या कुरळ्या जोडीनंतर ओळ संपली. शेपटीचे तुकडे आणि कातडीचे नमुने फ्रीझरमध्ये आहेत. जनुक कोणतं, ते अजून वाचलेलं नाही.

पुन्हा वेळ आली तर

निर्णायक क्षण मला आता तीन दिसतात, आणि तिन्ही मी सांगितलेल्या क्रमाच्या आधीचे आहेत.

मामांनी विद्यार्थिनीला पहिल्यांदा सांगितलं तो दिवस. ती उद्धट नव्हती, तिला उत्तर ठाऊक आहे असं वाटलं. पण मामांचं बोलणं कुठे लिहायचं याची जागाच आमच्याकडे नव्हती. नोंदवहीत जन्म, मृत्यू, वजन असे रकाने होते, 'वेगळं काही दिसलं' असा नव्हता. ही त्रुटी माझी. मी तिथली पशुवैद्यक होते.

गट पडले तो दिवस. फॉर्म बी मध्ये किती उंदीर ते विचारलं जातं, आम्ही ते कसे वाटणार हेही लिहायला हवं होतं आणि कमिटीनं ते विचारायला हवं होतं. वेतावार वाटणी झाली असती तर ते दोन कुरळे एका गटात एकत्र आलेच नसते. चूक राहिली असती, पण तिनं निकालाचं पारडं एकाच बाजूला झुकवलं नसतं.

आणि पहिलं कुरळं पिल्लू जन्मलं तो दिवस. मागच्या नोंदी चाळताना 'अशक्त, काढले' असे शेरे दोन वेतांत सापडले. ती पिल्लं कुरळी होती का, ते आता सांगता येणार नाही. मामांना विचारलं तर ते म्हणाले, तेव्हा ते रजेवर होते. ती पिल्लं ठेवली असती तर ओळ वर्षभर आधी हाती लागली असती, आणि बाहेरच्या संस्थेशी बोलायला तेवढा वेळ मिळाला असता. एकदा पैदास थांबल्यावर पत्रव्यवहार करायचा म्हणजे उंदीर म्हातारे होत असताना टपालाची वाट बघायची.

ओळ जपता आली नाही याची रुखरुख मला आहे, आणि तरी दीडशे पिल्लांची चाचणी लावली नाही हे बरोबरच केलं असं वाटतं. या दोन गोष्टी माझ्या मनात अजून शेजारी शेजारी आहेत.

नव्या नोंदवहीत प्रत्येक वेताच्या पानावर एक रकाना वाढवला आहे: 'तिसरा दिवस, मिशा'. तो मामा भरतात आणि पुढे सही करतात. आतापर्यंतच्या सगळ्या पानांवर 'सरळ' लिहिलेलं आहे.